माणिक आणि लाल : दोन तांबड्या रत्नांच्या वेगळेपणाचा इतिहास

माणिक आणि लाल ही दोन्ही रत्ने तांबडी, पारदर्शक आणि कठीण असून, चांगल्या प्रतीचे दोन खडे शेजारी ठेवले असता नुसत्या नजरेने त्यांतला भेद सांगणे अनुभवी पारख्यालाही नेहमीच साधते असे नाही. लाल म्हणजे आजच्या खनिजशास्त्रातील स्पिनेल. बाजारात त्याला लालडी असेही म्हणतात. युरोपीय ग्रंथांतून रूढ झालेल्या हकिकतीप्रमाणे ही दोन रत्ने अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकच समजली जात होती आणि १७८३ मध्ये एका फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञाने ती प्रथम वेगळी केली. युरोपापुरती ही हकिकत बरीचशी खरी असली, तरी मध्य आशिया, इराण आणि भारत यांना ती लागू पडत नाही. कारण या प्रदेशांत लाल हे स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खाणीच्या कीर्तीने आणि स्वतःच्या किमतीने ओळखले जाणारे रत्न होते, आणि माणकाहून ते वजनाला किती हलके आहे याची मोजणी गझनीच्या दरबारातील एका विद्वानाने अकराव्या शतकातच करून ठेवली होती. लालाला पुढे ‘खोटे माणिक’ हा जो शिक्का बसला, तो त्याच्या भौतिक गुणधर्मांतून आलेला नसून त्या गुणधर्मांचे ज्ञान उशिरा झालेल्या बाजारपेठेने मारलेला आहे, हे या दोन रत्नांचा एकत्रित इतिहास पाहिल्याशिवाय ध्यानात येत नाही.

माणिक हे कुरुविंद नावाच्या खनिजाचे तांबडे रूप होय. कुरुविंद म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे संयुग. ते शुद्ध असेल तर रंगहीन असते, आणि त्यात क्रोमियम या धातूचा अल्पसा अंश शिरला म्हणजे तांबडे होते. स्पिनेलमध्ये ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांच्या जोडीला मॅग्नेशियमही असते, आणि त्याच्या तांबड्या रंगाचे कारणही क्रोमियमच आहे. रंगाचे कारण एकच असल्यामुळे रंगावरून फसगत होणे स्वाभाविक होते. त्यातच दोघांची जन्मभूमीही बहुधा एक असते. चुनखडीचे थर भूगर्भातील उष्णतेने व दाबाने बदलून संगमरवर बनताना, त्यांत अडकलेल्या चिकणमातीतील ॲल्युमिना मोकळा होतो. तेथे सिलिका कमी असेल आणि मॅग्नेशियमही हाताशी नसेल तर त्यातून कुरुविंद तयार होते, आणि मॅग्नेशियम मुबलक असेल तर ॲल्युमिना त्याच्याशी संयोग पावून स्पिनेल बनतो. म्हणूनच ब्रह्मदेशातील मोगोकच्या खोऱ्यात, ब्यॉन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रत्नधारी गाळात, ही दोन्ही रत्ने एकाच टोपलीत हाती येतात, आणि श्रीलंकेच्या नद्यांतील गाळातही ती सोबतच सापडतात.

प्राचीन भारतीय रत्नशास्त्राने तांबड्या रत्नांची विभागणी उत्पत्ती, रंगछटा आणि दोष यांवरून केली. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त पद्मराग म्हणजे माणिक हा सौगंधिक, कुरुविंद आणि स्फटिक या तीन प्रकारच्या पाषाणांपासून उत्पन्न होतो असे सांगितले आहे. या तिन्हींचा आजच्या एकेका खनिजाशी मेळ घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. परंतु प्राचीन संज्ञा या रंगाच्या आणि प्रतीच्या संज्ञा असल्यामुळे असा मेळ ओढूनताणूनच बसतो. त्यापेक्षा महत्त्वाची आहे ती या परंपरेने नोंदवलेली काठिण्याची कसोटी : पद्मराग आणि इंद्रनील म्हणजे नीलम यांच्यावर हिरा किंवा कुरुविंद यांखेरीज दुसऱ्या कशानेही रेघ उमटवता येत नाही, असा नियम ‘गरुडपुराणा’तील रत्नपरीक्षेच्या भागात आढळतो. कुरुविंदाला फक्त हिरा आणि स्वतः कुरुविंदच ओरखडू शकते, ही आजही खरी असलेली गोष्ट या नियमात नेमकेपणाने पकडली गेली आहे; आणि तांबडे व निळे अशी दोन भिन्न दिसणारी रत्ने काठिण्याने एकाच वर्गात बसतात, हे ज्यांनी ओळखले त्यांचे निरीक्षण खरोखर आदरास पात्र आहे.

लाल हे नाव भारतीय ग्रंथांत शिरले ते इराणी व्यापाराबरोबर. दिल्लीच्या अलाउद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत राजकोशाशी संबंधित असलेल्या ठक्कुर फेरू या जैन अधिकाऱ्याने १३१५ मध्ये ‘रयणपरिक्खा’ हा प्राकृत ग्रंथ लिहिला. त्यात त्याने परंपरागत रत्नांहून निराळी म्हणून पारसी देशांकडून येणाऱ्या लाल, अकीक आणि फिरोजा या रत्नांचा वेगळा विचार केला. पद्मरागाचे वर्णन करून झाल्यावर लालाला स्वतंत्र जागा देणे याचा अर्थ दिल्लीच्या बाजारात चौदाव्या शतकाच्या आरंभी हे दोन निरनिराळे जिन्नस म्हणून विकले जात होते, एवढा तरी निश्चित होतो.

मात्र या भेदाला आकड्यांचा आधार देण्याचे श्रेय अबू रैहान अल्-बिरूनी याचे आहे. ९७३ मध्ये ख्वारिझममध्ये जन्मलेल्या आणि गझनीच्या दरबारात आयुष्याचा मोठा भाग घालवलेल्या या विद्वानाने धातू आणि रत्ने यांच्या आकारमानाचे व वजनाचे गुणोत्तर काढण्यासाठी एक खास पात्र तयार करवले. खाली रुंद आणि वर निमुळत्या मानेचे असे ते शंक्वाकार पात्र पाण्याने काठोकाठ भरायचे, त्यात वजन केलेले रत्न सोडायचे, आणि मानेला जोडलेल्या वाकड्या नळीतून जेवढे पाणी बाहेर पडेल तेवढे तराजूत तोलायचे, अशी ती पद्धत होती. पदार्थाचे वजन आणि तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन यांच्या या गुणोत्तराला विशिष्ट गुरुत्व म्हणतात. मान निमुळती ठेवण्यात फार शहाणपण होते. कारण पाण्याचा पृष्ठभाग जितका लहान, तितका पातळीतील सूक्ष्म फरकाने होणारा घोटाळा कमी. बिरूनीने निळा याकूत म्हणजे नीलम १०० धरून इतर रत्नांची तेवढ्याच आकारमानाची वजने दिली. त्यात तांबडा याकूत म्हणजे माणिक ९७ १/८ आणि बदख्शानचा लाल ९० १/३ असा येतो. ही मापे पुढे अल्-खाझिनीने ११२१-२२ च्या सुमारास पूर्ण केलेल्या ‘मीझान अल्-हिकमा’ या तराजूविषयीच्या ग्रंथात उतरली. आजच्या परिभाषेत मांडली असता ती नीलमाला ३.९६, माणकाला ३.८५ आणि लालाला ३.५८ अशी भरतात. आधुनिक मोजणीप्रमाणे कुरुविंदाचे विशिष्ट गुरुत्व ४.०० च्या आसपास आणि स्पिनेलचे ३.६० च्या आसपास आहे. माणकाचा आकडा थोडा कमी पडला आहे खरा, आणि खड्याला चिकटलेला हवेचा एखादा बुडबुडाही अशा मोजणीत फरक पाडू शकतो. परंतु लालाचा आकडा इतका अचूक आहे की काचेच्या उपकरणांच्या आणि सूक्ष्म तराजूंच्या कित्येक शतके आधी तो मिळवला गेला, याकडे रत्नशास्त्राच्या इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यायला हवे होते.

बिरूनीने गझनीचा सुलतान मौदूद याच्यासाठी लिहिलेल्या ‘किताब अल्-जमाहिर’ या ग्रंथात रत्नांच्या खाणी, किमती आणि परीक्षा यांची विस्तृत चर्चा आहे, आणि त्यातही याकूत व लाल ही दोन वेगळी प्रकरणे आहेत. इस्लामी रत्नपरंपरेत याकूताची आणखी एक कसोटी प्रसिद्ध होती. ती म्हणजे आगीत तापवल्यावरही त्याचा तांबडा रंग टिकून राहणे. कुरुविंदाचा वितळण्याचा बिंदू सुमारे २०५० अंश सेल्सिअस असल्यामुळे सोनाराच्या भट्टीतील उष्णता त्याला काहीच करू शकत नाही, आणि जांभळट झाक असलेला खडा तापवून त्याचा रंग निवळ करण्याची युक्तीही बिरूनीला माहीत होती.

ज्या बदख्शानने लालाला कीर्ती दिली तो प्रदेश पामीरच्या पायथ्याशी, आजच्या अफगाणिस्तान आणि ताजिकिस्तान यांच्या सीमेवर पसरलेला आहे. कूह-इ-लाल म्हणजे ‘लालाचा डोंगर’ ही जुनी खाण पंज नदीच्या उजव्या तीरावर, ताजिकिस्तानच्या हद्दीत येते. भूकंपाने डोंगर फुटला आणि त्यातून तांबडे खडे बाहेर पडले, अशी तिच्या शोधाची कथा जुन्या ग्रंथांत आढळते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मार्को पोलोने या खाणींचे वर्णन करताना त्या राजाच्या मालकीच्या असून परवानगीवाचून खोदणाऱ्याला किंवा खडे देशाबाहेर नेणाऱ्याला देहदंड होतो असे लिहिले. माल आटोक्यात ठेवून भाव टिकवण्याची ही पद्धत पाहता, लाल हे दुय्यम रत्न समजले जात असते तर तिची गरजच पडली नसती.

लालाची खरी प्रतिष्ठा दिसते ती तैमूरच्या वंशजांच्या आणि त्यांचा वारसा सांगणाऱ्या मोगलांच्या दरबारी. या लोकांनी लालाला पैलू पाडले नाहीत. खाणीतून आला तसा ओबडधोबड खडा झिलई देऊन गुळगुळीत केला, ओवण्यासाठी त्याला भोक पाडले आणि त्याच्यावर हिऱ्याच्या टोकाने बादशहांची नावे कोरली. या पद्धतीला स्फटिकाचे गुणधर्मही अनुकूल होते. माणिक षट्कोनी घाटाचे असून त्याच्या स्फटिकात एक प्रमुख अक्ष असतो आणि त्या अक्षाच्या दिशेने पाहिले असता रंग जेवढा गडद दिसतो तेवढा आडव्या दिशेने दिसत नाही. त्यामुळे कारागिराला खडा कोणत्या अंगाने घडवायचा याचा विचार करावा लागतो. स्पिनेल घनीय वर्गातील, म्हणजे तिन्ही अक्ष सारखे असलेला स्फटिक असल्यामुळे त्याचा रंग सर्व बाजूंनी एकसारखा असतो, आणि वजन न घालवता तो हवा तसा ठेवता येतो. मोठ्या, अनियमित आकाराच्या खड्यांचा जो सोस मोगलांना होता, त्याला लालासारखे दुसरे रत्न नव्हते.

यांतील एका खड्याचा प्रवास दख्खनपर्यंत येऊन पोहोचतो. तैमूरचा नातू उलुघ बेग याचे नाव कोरलेला १२ टांक वजनाचा एक लाल इराणच्या शाह अब्बासकडे होता; शाह अब्बासने त्यावर आपले नाव घातले आणि १६२१ मध्ये तो जहांगीरकडे भेट म्हणून पाठवला. ही भेट जहांगीरने आपल्या आत्मचरित्रात आनंदाने नोंदवली आहे. आपल्या पूर्वजाचे नाव असलेले रत्न परत घरात आले म्हणून त्याने त्यावर स्वतःचे आणि अकबराचे नाव कोरून घेतले, आणि थोड्याच दिवसांत दख्खनच्या विजयाची बातमी आली तेव्हा तो खडा खुर्रमकडे, म्हणजे पुढे शाहजहान झालेल्या आपल्या मुलाकडे, बक्षीस म्हणून पाठवून दिला. हा विजय निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याच्याविरुद्धच्या मोहिमेतला होता. शाहजहानचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने हा लाल एक लाख रुपये किमतीचा सांगितला असून तो १६३५ मध्ये पूर्ण झालेल्या मयूरासनात बसवल्याचे लिहिले आहे. आज कुवेतच्या अल्-सबाह संग्रहात असलेला २४९.३ कॅरटचा, उलुघ बेगपासून अहमदशहा दुर्रानीपर्यंतची नावे धारण करणारा स्पिनेल हाच तो खडा मानला जातो. टांक म्हणजे सुमारे चार ग्रॅमहून थोडे अधिक वजन हे लक्षात घेता बारा टांकांचा हिशेबही या वजनाशी जुळतो.

मोगल दरबारात लालाची पारख किती गंभीरपणे केली जाई, याचा दाखला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याच्या प्रवासवर्णनात आहे. औरंगजेबाला त्याचा नातलग जाफरखान याने ९५,००० रुपयांना घेतलेला एक खडा लाल म्हणून नजर केला. एका वृद्ध भारतीय पारख्याने तो लाल नसल्याचे सांगितले, आणि दरबारात मतभेद झाल्यावर तो आग्र्याला कैदेत असलेल्या शाहजहानकडे पाठवण्यात आला, कारण त्याच्याएवढा रत्नांचा जाणकार दुसरा कोणी नव्हता. शाहजहानने खडा लाल नसून त्याची किंमत पाचशे रुपयांपेक्षा जास्त नाही असा निर्वाळा दिला. येथे प्रश्न लाल हे खोटे माणिक आहे काय, असा नव्हता. खोटा खडा लाल म्हणून खपवला गेला आहे काय, असा होता. एवढ्या एका फरकावरून लालाचे तेव्हाचे स्थान कळते.

युरोपात चित्र निराळे होते. तेथे लाल पोहोचला तो व्यापाऱ्यांच्या आणि लुटीच्या मार्गाने, त्याच्यामागची परंपरा न घेता, आणि तांबडे ते सारे ‘रुबी’ या एकाच नावाखाली जमा झाले. इंग्लंडच्या राजमुकुटात पुढच्या बाजूला असलेला सुमारे १७० कॅरटचा ‘ब्लॅक प्रिन्स रुबी’ हा परंपरेनुसार १३६७ मध्ये कॅस्टीलचा राजा पेद्रो याच्याकडून इंग्लंडचा राजपुत्र एडवर्ड याला मिळाला. तो स्पिनेल असून त्यावरील जुन्या भोकात नंतर बसवलेले चिमुकले माणिक मात्र खरे माणिक आहे. रशियाच्या कॅथरीनच्या १७६२ च्या मुकुटाच्या शिखरावरील ३९८.७२ कॅरटचा खडाही स्पिनेलच. १८४९ मध्ये लाहोरच्या खजिन्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडून १८५१ मध्ये व्हिक्टोरिया राणीला नजर झालेला ‘तैमूर रुबी’ तर ३५२.५ कॅरटचा असून त्यावर जहांगीर, शाहजहान, औरंगजेब, फर्रुखसियर, नादिरशहा आणि अहमदशहा यांचे उल्लेख कोरलेले आहेत; तो माणिकही नव्हे आणि तो तैमूरच्या मालकीचा होता याला आधारही नाही.

१७८३ मध्ये रोमे द लील याने स्फटिकशास्त्रावरील आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हा या गोंधळाला युरोपात प्रथमच शास्त्रीय उत्तर मिळाले. त्याच्यासाठी काम करणाऱ्या कारांजो याने बनवलेल्या कोनमापकाने, म्हणजे स्फटिकाच्या दोन पृष्ठांतील कोन मोजणाऱ्या साध्या उपकरणाने, त्याला असे दिसले की एकाच पदार्थाचे स्फटिक लहानमोठे किंवा वेडेवाकडे असले तरी त्यांच्या पृष्ठांमधील कोन कायम राहतात. स्पिनेलचे स्फटिक आठ त्रिकोणी पृष्ठांचे, दोन चौकोनी मनोरे तळाशी जोडावेत तसे अष्टफलक असतात आणि त्यांची शेजारील पृष्ठे एकमेकांशी सुमारे १०९.५ अंशांचा कोन करतात. माणकाचे स्फटिक मात्र षट्कोनी स्तंभ, पिंप किंवा चकती यांच्या घाटाचे असतात. मोगोकला सापडणारे काही अष्टफलक स्पिनेल इतके तंतोतंत आणि चकचकीत असतात की तेथील लोक ते देवतांनी घासून तयार केलेले मानतात. घडवलेल्या रत्नात मूळ स्फटिकाचा आकार नाहीसा होत असल्यामुळे रोमे द लीलची कसोटी जवाहिऱ्याच्या दुकानात मात्र निरुपयोगी होती, ही तिची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते.

ती उणीव प्रकाशाने भरून काढली. फ्रीडरिश मोस याने १८१२ मध्ये मांडलेल्या काठिण्यश्रेणीत कुरुविंद ९ व्या क्रमांकावर आले आणि स्पिनेल ८ वर बसला. परंतु घडवलेल्या रत्नावर ओरखडा काढून परीक्षा करणे म्हणजे त्याची हानीच करणे. प्रकाश रत्नाला धक्का न लावता बोलतो. माणकात शिरलेला किरण दोन भागांत विभागला जातो आणि ते दोन भाग किंचित वेगळ्या रंगांचे, एक जांभळट तांबडा तर दुसरा नारिंगी तांबडा, असे असतात; याला द्विवर्णिता म्हणतात आणि ती पाहण्याचे हायडिंगर या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाचे छोटे उपकरण १८४० च्या दशकात आले. घनीय स्पिनेलमध्ये किरणाची अशी फाळणी होत नाही, म्हणून त्यात एकच रंग दिसतो. प्रकाश हवेतून रत्नात शिरताना किती वळतो हे सांगणारा अपवर्तनांक माणकासाठी १.७६२ आणि १.७७० असा दुहेरी येतो, तर स्पिनेलसाठी १.७१८ असा एकच. विसाव्या शतकाच्या आरंभी हर्बर्ट स्मिथ याच्या लहान अपवर्तनमापकाने ही मोजणी जवाहिऱ्याच्या मेजावर आणली, आणि तेव्हापासून हा वाद काही क्षणांत मिटू लागला. दोन्ही रत्ने जंबुपार किरणांखाली तांबडी चमकतात, पण त्या चमकेचे वर्णपटात पृथक्करण केले तर माणकात ६९४ नॅनोमीटरच्या जवळ दोन निकटच्या रेषा दिसतात आणि स्पिनेलमध्ये अनेक रेषांची रांग दिसते. याच माणिकरेषेवर १९६० मध्ये थिओडोर मेमन याने कृत्रिम माणकाचा दंड वापरून जगातील पहिला लेसर चालवला.

कृत्रिम रत्नांच्या कथेतही ही दोन्ही रत्ने पुन्हा एकत्र येतात. ऑग्युस्त व्हर्नॉय याने ज्योतीत ॲल्युमिनाची भुकटी वितळवून माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यानंतर काही वर्षांत निळा नीलम बनवण्याच्या प्रयत्नात कोबाल्टचा रंग नीट पसरावा म्हणून मिश्रणात मॅग्नेशियमचे ऑक्साइड घालण्यात आले, तेव्हा हाती आला तो नीलम नव्हता, स्पिनेल होता. संगमरवराच्या पोटात जो निवाडा मॅग्नेशियमने केला होता, तोच प्रयोगशाळेतही झाला. या कृत्रिम स्पिनेलात ॲल्युमिनाचा अंश जास्त असल्यामुळे त्याचा अपवर्तनांक १.७२८ पर्यंत जातो आणि त्यावरून तो नैसर्गिक खड्यापासून ओळखता येतो.

वेगळेपण सिद्ध झाल्यावर लालाची बाजारातील किंमत मात्र घसरली. भारतात तो नवग्रहांच्या अंगठीत माणकाऐवजी वापरायचे उपरत्न एवढ्यापुरता उरला, आणि युरोपात त्याचा उल्लेख बहुधा फसव्या राजरत्नांच्या संदर्भातच होऊ लागला. अलीकडे या स्थितीत फरक पडतो आहे. बाजारातील बहुसंख्य माणके तापवून सुधारलेली असतात आणि २००० नंतरच्या काळात शिसेयुक्त काच भरून भेगा बुजवलेल्या माणकांची भर पडली, त्यामुळे ज्याच्यावर सहसा असे काही केले जात नाही अशा स्पिनेलकडे ग्राहक वळू लागले. २००७ मध्ये टांझानियातील महेंगे येथे गुलाबी-तांबड्या स्पिनेलचे प्रचंड स्फटिक मिळाले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेतील जवाहिऱ्यांच्या संघटनांनी ऑगस्टच्या जन्मरत्नांत स्पिनेलचा समावेश केला. उत्तम ब्रह्मी माणकाचा कॅरटमागचा भाव अजूनही त्याच्यापेक्षा कितीतरी वर आहे; परंतु प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर आता ‘स्पिनेल’ हा शब्द माणकाची वजाबाकी म्हणून न येता स्वतंत्र रत्नाचे नाव म्हणून येतो, जसे बिरूनीच्या ग्रंथात लालाचे प्रकरण स्वतंत्र होते.